संत एडिथ मावशी



माय मरो आणि मावशी जगो, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. लहानपणी ही म्हण कानावर आली की आम्हाला ती कठोर वाटायची. आईचे मरण कोण मागेल? घरातली जाणती माणसे मग समजावून सांगत की म्हणीत कुणाचे मरण मागितलेले नाही. आई नसली तरी मावशी असली की लेकरू उघडे पडत नाही, एवढेच तिला सांगायचे आहे. येत्या ९ ऑगस्टला ख्रिस्तसभा संत तेरेजा बेनेदिक्ता हिचा सण साजरा करील. तिचे घरचे नाव एडिथ स्टाईन. तिचे चरित्र वाचताना ही म्हण आम्हाला पुन्हा पुन्हा आठवते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एडिथची आणि आमची ओळख झाली, ती परीक्षेपुरती. थोर जर्मन तत्त्वज्ञ हुस्सर्ल यांची शिष्या, पुढे कार्मेल मठातील धर्मभगिनी, शेवटी हुतात्मा, असे चार शब्द आम्ही पाठ केले होते. तिला एक घर होते, म्हातारी आई होती, सहा भावंडे होती, हे फार उशिरा कळले. बहिणींच्या मुलांची ती मावशी आणि भावांच्या मुलांची आत्या. जर्मन भाषेत या दोन्ही नात्यांना 'टांटे' हा एकच शब्द आहे. तिच्या एका भाचीने पुढे तिच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, तेव्हा त्याच्या नावातच तिने आपल्या एडिथ मावशीला हाक मारली. आज आपण या मावशीची ओळख करून घेऊ या.

वखारीवरचे घर

एडिथचा जन्म १२ ऑक्टोबर १८९१ रोजी ब्रेस्लाऊ शहरात झाला. तेव्हा हे शहर जर्मनीत होते. आज ते पोलंडमध्ये असून त्याला व्रोत्स्वाफ म्हणतात. घराणे यहुदी आणि आई मोठी धर्मनिष्ठ. त्या वर्षी त्याच दिवशी योम किप्पूर होता, म्हणजे यहुदी लोकांचा प्रायश्चित्ताचा आणि कडक उपवासाचा दिवस. त्यामुळे आईला या शेंडेफळाचे विशेष कौतुक. अकरा मुलांपैकी चार लहानपणीच दगावली होती. उरलेली सात म्हणजे पाउल, एल्झे, आर्नो, फ्रीडा, रोझा, एर्ना आणि सर्वांत धाकटी एडिथ.

एडिथला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती, तेव्हा १८९३ च्या जुलै महिन्यात वडील कामासाठी बाहेर गेले आणि उष्माघाताने वारले. मागे राहिली कर्जात असलेली लाकडाची वखार. आई आउगुस्टे यांनी ती विकली नाही. स्वतः जंगलात जाऊन त्या लाकूड पारखू लागल्या, हिशेब पाहू लागल्या. काही वर्षांत वखार नावारूपाला आली. अशा कर्त्या बाईच्या हाताखाली एडिथ वाढली. तल्लख, हट्टी आणि काहीशी अबोल.

चौदा-पंधरा वर्षांची असताना तिने एकाएकी शाळा सोडली. थोरली बहीण एल्झे लग्न होऊन हॅम्बुर्गला राहत होती, तिची मुले लहान होती. एडिथ तिच्याकडे गेली आणि सुमारे दहा महिने मुले सांभाळण्यात आणि घरकामात रमली. पुढे जी विद्यापीठात गाजली, तिची पहिली नोकरी म्हणाल तर ही, बिनपगारी मावशीची. याच काळात तिने प्रार्थना करणे जाणूनबुजून थांबवले. देवावरचा तिचा विश्वास उडाला होता. आईसाठी ती सणासुदीला घरच्या रीती पाळत राहिली, पण मनातून ती देवापासून दूर गेली.

दुसऱ्याचे दुःख कसे कळते?

घरी परतल्यावर एडिथने शिक्षण पुन्हा हाती घेतले आणि १९१३ मध्ये ती हुस्सर्ल यांच्याकडे शिकायला ग्योटिंगेनला गेली. पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा १९१५ मध्ये आईचा विरोध असतानाही रेड क्रॉसची परिचारिका होऊन ती एका लष्करी इस्पितळातील विषमज्वराच्या रुग्णांची सेवा करू लागली. १९१६ मध्ये तिला सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट मिळाली.

तिच्या प्रबंधाचा विषय होता समानुभूती. शब्द जड आहे, पण गोष्ट रोजच्या अनुभवातली आहे. समजा, एखादा मित्र येऊन सांगतो की त्याचा भाऊ वारला. भाऊ आमचा नाही, दुःख आमचे नाही. तरी त्याच्या चेहऱ्याकडे पाहताच ते दुःख आम्हाला कळते. हे कळणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न तिने धरला. दुसऱ्याचे दुःख आपण अंदाजाने ओळखतो असे नाही, आणि ते आपलेच होऊन जाते असेही नाही. ते त्याचेच राहते, आणि तरी आपण त्याच्यापाशी पोहोचतो. एडिथच्या पुढच्या आयुष्याची किल्ली आम्हाला या प्रबंधात सापडते. स्वतःचे दुःख आईवर न लादता आणि आईचे दुःख नाकारता न येता, दोघींना पुढे अनेक वर्षे एकमेकींपाशी उभे राहायचे होते.

१९१७ च्या नोव्हेंबरात तिचे शिक्षक आणि मित्र आडोल्फ राइनाख रणांगणावर पडले. त्यांची तरुण विधवा आना कोलमडली असेल, या भीतीनेच एडिथ तिच्याकडे गेली. पण प्रभूच्या क्रुसावरील श्रद्धेने सावरलेली बाई तिला तिथे भेटली. हा धक्का ती विसरली नाही. १९२१ च्या उन्हाळ्यात बर्गझाबर्न या गावी मैत्रिणीच्या घरी आविलाच्या संत तेरेजाचे आत्मचरित्र तिच्या हाती आले. ते वाचून तिचा शोध संपला. १ जानेवारी १९२२ रोजी तिने बाप्तिस्मा घेतला. तिची धर्ममाता झाली तीच मैत्रीण, हेडविग, जी स्वतः प्रोटेस्टंट पंथाची होती.

आईचे अश्रू

आता घरी सांगायचे होते. पत्र पाठवून ते उरकता आले असते. एडिथ स्वतः ब्रेस्लाऊला गेली. आईला बातमी कळली आणि ती कर्ती, कणखर बाई रडली. मुलांनी आईला असे रडताना क्वचितच पाहिले होते.

बंधू-भगिनींनो, संतांची चरित्रे सांगताना आपण हा भाग घाईने उरकतो. बाप्तिस्म्याचा आनंद सांगतो, आईचे रडणे गाळतो. पण एडिथने ते गाळले नाही. यहुद्यांनी शतकानुशतके ख्रिस्ती लोकांकडून किती सोसले होते, हे त्या आईला ठाऊक होते. तिच्या दृष्टीने लेक परक्यांत गेली होती. एडिथने वाद घातला नाही आणि निर्णयही बदलला नाही. ती काही काळ आईजवळ राहिली, तिच्याबरोबर सिनगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिरात जात राहिली. आई हिब्रू स्तोत्रे म्हणे, तेव्हा शेजारी बसलेली लेक आपल्या प्रार्थनापुस्तकातून तीच स्तोत्रे लॅटिनमध्ये म्हणे.

तिला लगेच मठात जायचे होते. आईला इतक्यात दुसरा घाव नको, असे तिच्या आध्यात्मिक मार्गदर्शकांनाही वाटत होते. म्हणून ती अकरा वर्षांहून अधिक काळ थांबली. १९२३ ते १९३१ या काळात तिने स्पायर येथील डॉमिनिकन भगिनींच्या शाळेत शिकवले, संत थॉमस अक्वायनस यांचा सत्यावरील ग्रंथ जर्मन भाषेत आणला, स्त्रियांच्या शिक्षणावर ठिकठिकाणी व्याख्याने दिली. सुट्टी लागली की ती ब्रेस्लाऊच्या घरी, भाच्यापुतण्यांत असे.

लोकरीचा गुंता

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. एडिथ तेव्हा म्युन्स्टर येथील संस्थेत शिकवत होती. यहुदी असल्यामुळे तिला शिकवणे थांबवावे लागले. त्याच एप्रिल महिन्यात तिने पोप अकरावे पायस यांना पत्र लिहून यहुद्यांवरील अन्यायाविरुद्ध ख्रिस्तसभेने उघडपणे बोलावे अशी विनंती केली. उत्तरात तिला आणि तिच्या कुटुंबीयांना पोप महाशयांचा आशीर्वाद मिळाला. तिने मागितले होते ते वेगळेच होते. हे पत्र २००३ मध्ये जगापुढे आले, आणि ते वाचताना आपण ख्रिस्ती लोकांनी मान खाली घालावी असेच ते आहे.

नोकरी गेली आणि कार्मेल मठाची वाट मोकळी झाली. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी ती आईजवळ बसली होती. आई मोजे विणत होती. कलोनला त्या भगिनींकडे जाऊन तू काय करणार, असे आईने विचारले आणि एडिथने खरे ते सांगितले. आईच्या हातातल्या लोकरीचा गुंता झाला. थरथरत्या हातांनी ती तो सोडवू लागली. एडिथही सोडवू लागली. दोघी एका लोकरीवर वाकून बसल्या होत्या आणि त्यांच्यातला मोठा गुंता काही सुटत नव्हता. हा प्रसंग एडिथनेच पुढे लिहून ठेवला आहे.

१२ ऑक्टोबरला तिचा वाढदिवस होता. त्या दिवशी यहुदी लोकांच्या मंडपांच्या सणाचा शेवट होता. आईचे वय ८४. मायलेकी सिनगॉगमध्ये गेल्या आणि घरी चालत परतल्या. यहुदी माणूसही भक्तिमान असू शकतो ना, असे आईने वाटेत विचारले. असू शकतो, हे एडिथने मान्य केले. मग तू आणखी पुढे का गेलीस, हे आईला काही केल्या उमजेना. रात्री पाहुणे गेल्यावर आई तोंड झाकून रडू लागली. एडिथने तिचे पांढरे डोके छातीशी धरले आणि ती बराच वेळ तशीच उभी राहिली.

घरात आणखी एकीला हाच प्रश्न पडला होता. ती होती एर्नाची बारा वर्षांची मुलगी. आपल्या लोकांवर एवढे संकट आले असताना मावशी आताच का सोडून जाते? तिने मावशीला तसे विचारलेही. आपण कुणाला सोडून जात नाही, घरच्यांवरचे प्रेम तसेच राहील, असे मावशीने तिला सांगितले. त्या वयात तिचे समाधान झाले नाही. आम्हाला या भाचीचे कौतुक वाटते, कारण तिचा प्रश्न योग्य होता. त्याचे उत्तर मिळायला नऊ वर्षे जावी लागली.

दर शुक्रवारचे पत्र

१४ ऑक्टोबर १९३३ रोजी एडिथने कलोनच्या कार्मेल मठात प्रवेश केला. पुढच्या वर्षी तिला क्रुसाची तेरेजा बेनेदिक्ता हे नाव मिळाले. मठाची कवाडे बंद झाली, पण दर आठवड्याला, शुक्रवारी, ती आईला पत्र लिहीत राहिली. आईचे उत्तर येत नसे. रोझा लिही, आई गप्प. पुष्कळ दिवसांनी रोझाच्या पत्राखाली आईच्या हातच्या एकदोन ओळी येऊ लागल्या. त्या मिळाल्या तेव्हा एडिथला काय वाटले असेल, हे ज्यांची माणसे रुसून बसली आहेत त्यांना सांगावे लागणार नाही.

या काळात ती आपल्या यहुदी कुटुंबाची कहाणी लिहीत राहिली. यहुद्यांचे राक्षसी चित्र तेव्हा पोरांच्या मनावर बिंबवले जात होते. खरी यहुदी आई कशी असते, यहुदी घरात सण कसे होतात, भावंडे कशी भांडतात आणि एकत्र येतात, हे तिला लोकांपुढे ठेवायचे होते. म्हणून ख्रिस्ती भगिनीचा झगा घालून ती आपल्या यहुदी घराची साक्ष लिहीत होती.

१४ सप्टेंबर १९३६ रोजी, पवित्र क्रुसाच्या सणादिवशी, मठात भगिनी व्रतांचा पुनरुच्चार करीत असतानाच तिकडे आईने प्राण सोडला. म्हातारीने शेवटी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, अशी अफवा उठली. एडिथने ती ठामपणे खोडून काढली. आपली आई आपल्या धर्मात शेवटपर्यंत दृढ राहिली, असे तिने लिहून कळवले, आणि देवाने तिला कृपेने जवळ केले असणार, असा भरवसाही व्यक्त केला. आईला मेल्यावर आपल्या बाजूला ओढून घेण्याचा मोह तिने टाळला. आईचा मान राखण्याची ही शेवटची संधी होती, ती तिने दवडली नाही.

त्याच डिसेंबरात एडिथ जिन्यावरून पडली. हात आणि पाय मोडला आणि तिला इस्पितळात न्यावे लागले. रोझाला बरीच वर्षे बाप्तिस्मा घ्यायचा होता, आईसाठी ती थांबली होती. एडिथ मठाबाहेर असल्यामुळे नाताळच्या आदल्या दिवशी रोझाच्या बाप्तिस्म्याला तिला हजर राहता आले.

९ ऑगस्ट १९४२

नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर सिनगॉग जाळली गेली. आपल्यामुळे भगिनी संकटात येतील म्हणून वर्षाच्या शेवटच्या दिवशी एडिथ हॉलंडमधील एख्त गावच्या मठात गेली. पुढे रोझाही तिथे आली आणि मठाच्या दारावरची सेवा पाहू लागली. बाकीचे घर विखुरले. आर्नो आणि एर्नाची कुटुंबे अमेरिकेला गेली, एल्झेचे कुटुंब कोलंबियाला. पाउल आणि फ्रीडा मागे राहिली. ती दोघे तेरेझिनश्टाटच्या छळछावणीत मरण पावली.

हॉलंड नाझींच्या ताब्यात आले. २६ जुलै १९४२ रोजी यहुद्यांच्या हद्दपारीचा निषेध करणारे बिशपांचे पत्र तेथील सर्व कॅथलिक चर्चमध्ये वाचले गेले. त्याचा सूड म्हणून पुढच्याच रविवारी, २ ऑगस्टला, कॅथलिक झालेल्या यहुद्यांना पकडण्यात आले. संध्याकाळी पोलीस एख्तच्या मठात आले. एडिथने भांबावलेल्या रोझाचा हात धरला आणि दोघी बहिणी निघाल्या.

त्यांना वेस्टरबोर्कच्या छावणीत नेण्यात आले. तिथून बचावलेल्या एका व्यापाऱ्याने पुढे साक्ष दिली. छावणीत आया दुःखाने वेड्यापिशा झाल्या होत्या. भिंतीकडे बघत बसल्या होत्या, लेकरांकडे पाहण्याचे भान त्यांना उरले नव्हते. एडिथ त्या मुलांपाशी गेली. तिने त्यांना न्हाऊ घातले, त्यांचे केस विंचरले, त्यांच्या खाण्याची सोय पाहिली, बायकांना धीर दिला. हॅम्बुर्गला बहिणीच्या घरी एका पोरसवदा मुलीने जे केले होते, तेच ती पन्नाशीत, मरणाच्या दारात करीत होती. भाची जिला विचारत होती की तू का सोडून जातेस, ती मावशी आपल्या लोकांच्या लेकरांत बसली होती. आया जिवंत असून हरवल्या होत्या आणि मावशी उरली होती.

७ ऑगस्टला गाडी पूर्वेकडे निघाली. ९ ऑगस्ट १९४२ रोजी ऑशविट्झ येथे एडिथ आणि रोझा यांना विषारी वायूने मारण्यात आले. हा दिवस आपण शाळेपासून क्रांतिदिन म्हणून ओळखतो. आदल्या रात्री मुंबईत गोवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि ९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजींना पकडून नेले. त्याच दिवशी तिकडे हे घडत होते. या दिवशी झेंडावंदनाला उभे राहताना या दोन बहिणींचीही आठवण करावी.

आपल्या घरातली मावशी

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १ मे १९८७ रोजी कलोन येथे एडिथला धन्य घोषित केले आणि ११ ऑक्टोबर १९९८ रोजी रोममध्ये संतपद दिले. पुढच्या वर्षी ती युरोपच्या आश्रयदात्यांपैकी एक झाली. तिच्या घरच्यांपैकी अनेक जण यहुदीच होते आणि आहेत. आपली मावशी यहुदी म्हणून मारली गेली, हे ख्रिस्ती लोकांनी विसरू नये, असे त्यांचे म्हणणे होते. ते खरे आहे. तिला मारण्याचे निमित्त बिशपांचे पत्र झाले, हेही खरे आहे. मनात अशी रुखरुख असूनही तिचे नातेवाईक रोमला आले आणि संत पेत्राच्या चौकात बसले. ही त्यांनी आपल्यावर केलेली मेहेरबानी आहे.

आपल्या धर्मग्रामात अशा मावश्या आणि आत्या आहेत. कुणी लग्न केले नाही, कुणी लवकर विधवा झाली. भावाची मुले वाढवली, म्हातारी आई सांभाळली, धर्मशिक्षणाचे वर्ग घेतले, वेदीवरची फुले बदलली. घरातल्या फोटोत त्या कडेला उभ्या असतात. त्या गेल्यावर आम्ही त्यांच्या मिस्सात दोन चांगले शब्द बोलतो. पण तोवर वाट कशाला पाहायची? या रविवारी घरी गेल्यावर त्यांच्याजवळ जरा बसा.

आणि काही घरांत गुंता आहे. मुलाने न विचारता लग्न केले, मुलीने वेगळी वाट धरली, भावाभावांत जमिनीवरून बोलणे बंद आहे. काही आयांचे अश्रू आम्हाला ठाऊक आहेत. एडिथकडेही या गुंत्याचे उत्तर नव्हते. आई शेवटपर्यंत तिच्याशी सहमत झाली नाही. तरी ती लोकरीवर वाकून बसली, आणि उत्तर येत नसतानाही शुक्रवार चुकवला नाही. तुमच्या शुक्रवारचे पत्र कुणाला जायचे राहिले आहे, याचा विचार करा. पत्र नसेल तर फोन करा. उत्तर आले नाही तर पुढच्या शुक्रवारी पुन्हा करा.

संत तेरेजा बेनेदिक्ता, आमच्या घरांसाठी, आमच्या मावश्यांसाठी आणि रुसलेल्या सर्वांसाठी प्रभूजवळ विनंती कर. आमेन.

आपले धर्मगुरू